विश्लेषण : ला पाझला जायचे, पण आधी कुठे थांबायचे?

बोलिव्हियातले हे शहर बघताना अंतरापेक्षा उंचीचा हिशेब जास्त महत्त्वाचा. तो कसा मांडावा?

८ जुलै २०१५ रोजी पोप फ्रान्सिस क्विटोहून बोलिव्हियात आले. एल आल्टोच्या विमानतळावर उतरून ते खाली ला पाझ शहरात गेले, राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस यांना भेटले आणि साधारण चार तासांत पुन्हा विमानात बसून सखल भागातल्या सांताक्रूझला मुक्कामी गेले. तरुणपणी एका फुफ्फुसाचा भाग काढावा लागलेल्या ७८ वर्षांच्या पाहुण्याला या शहरात रात्र काढू द्यायची नाही, हे दौरा आखणाऱ्यांनी आधीच ठरवले होते.

पर्यटकांच्या वाट्याला मात्र अनेकदा याच्या बरोबर उलटा कार्यक्रम येतो. दीड दिवसाचा विमानप्रवास, पहाटे चार हजार मीटर उंचीवर आगमन, दुपारी शहरदर्शन आणि संध्याकाळी डोके धरून हॉटेलच्या खोलीत. भारतातून ला पाझला थेट विमान नाही. युरोप किंवा ब्राझीलमार्गे दोन-तीन विमाने बदलत इथवर यायचे आणि पहिले दोन दिवस उलट्या करण्यात घालवायचे, हा सौदा महागच. तो टाळता येतो.

ला पाझ राजधानी आहे की नाही?

कागदावर नाही. २००९ च्या राज्यघटनेनुसार बोलिव्हियाची राजधानी सुक्रे आहे आणि सर्वोच्च न्यायालयही तिथेच आहे. संसद, राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय, मंत्रालये मात्र ला पाझमध्ये. सुक्रे हे चांदीच्या काळातल्या धनिकांचे शहर, तर ला पाझ कथिलाच्या पैशावर वर आलेले. १८९८-९९ च्या यादवी युद्धात ला पाझची बाजू जिंकली आणि सरकार इकडे आले. राजधानीचा मान मात्र सुक्रेकडेच राहिला. हा वाद अजून पुरता विझलेला नाही. पर्यटकाला त्यातून एक फायदा होतो : एकाच देशात बघण्याजोगी दोन ‘राजधानी’ शहरे मिळतात आणि त्यातली एक दुसरीपेक्षा सुमारे ८०० मीटर खाली आहे. हे ८०० मीटर फार कामाला येतात.

विमानतळावरच डोके जड का होते?

एल आल्टोचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ४,०६१ मीटरवर आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर विमानाचे दार उघडते. लेहला जाऊन आलेल्यांना पहिला दिवस अंथरुणात काढण्याचा सल्ला आठवत असेल. लेहचा विमानतळ याच्यापेक्षा ८०० मीटरने खाली आहे. इथली धावपट्टी चार किलोमीटर लांबीची आहे, कारण विरळ हवेत विमानाला उचल मिळायला जास्त वेग आणि जास्त धाव लागते.

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण इथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. विमानतळावर तो समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या ६० टक्क्यांच्या आसपास भरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा ऑक्सिजन तेवढ्या प्रमाणात घटतो. शरीर आधी श्वासाचा आणि नाडीचा वेग वाढवते. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते दिवसांत नव्हे, आठवड्यांत मोजावे लागते. दरम्यान डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे, दोन जिने चढल्यावर धाप लागणे हा त्रास होतो. स्थानिक लोक त्याला ‘सोरोचे’ म्हणतात. हा त्रास उतरल्याबरोबर जाणवेलच असे नाही. तो बहुधा सहा ते बारा तासांनी डोके वर काढतो. म्हणूनच सकाळी ठणठणीत वाटणारा माणूस उत्साहाने शहर पालथे घालतो आणि रात्री आडवा होतो.

तरुण, तंदुरुस्त आणि रोज व्यायाम करणाऱ्यांना हा त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट अशी माणसे पहिल्याच दिवशी जास्त धावतात. बसलेला असतानाही दम लागणे, ओला खोकला, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही मात्र धोक्याची चिन्हे. फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचे नाही. तातडीने डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचे.

हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. सिकलसेल असलेल्यांनी तर नक्कीच. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आढळतो आणि अशा रुग्णांना एवढी उंची घातक ठरू शकते. अॅसिटाझोलामाइड हे औषध अनेकदा चढण्याच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक. ला पाझच्या औषध दुकानांत सोरोचेच्या नावाने ज्या गोळ्या मिळतात, त्यात मुख्यतः वेदनाशामक आणि कॅफिन असते. त्यांनी डोके उतरते, शरीराला उंचीची सवय होत नाही.

मग आधी कुठे थांबावे?

गिर्यारोहण वैद्यकातला नियम सोपा आहे : तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर रोजच्या झोपेची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी. दिवसा कुठवर चढलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो हे महत्त्वाचे. हा नियम बोलिव्हियाच्या नकाशावर ठेवला की कार्यक्रम आपोआप तयार होतो.

युरोपातून येणारी मोठी विमाने सांताक्रूझला उतरतात. त्याची उंची ४०० मीटरच्या आसपास. तिथे प्रवासाचा आणि साडेनऊ तास मागे गेलेल्या घड्याळाचा शीण घालवावा. मग सुक्रे, सुमारे २,८०० मीटर. पांढऱ्या चुन्याने रंगवलेल्या घरांचे, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले हे शहर दोन-तीन दिवस देण्याच्या योग्यतेचे आहेच. बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १८२५ साली इथेच मंजूर झाला. सुक्रेहून ला पाझला आल्यावर मुक्काम शहराच्या मध्यभागी न करता ‘सोना सूर’ म्हणजे दक्षिण भागात करावा. मध्यवस्ती ३,६०० मीटरवर, तर दक्षिणेचा भाग ३,२०० ते ३,३०० मीटरवर आहे. म्हणजे सुक्रेच्या खाटेपासून ला पाझच्या खाटेपर्यंतची चढण पाचशे मीटरच्या आत राहते. एल आल्टो आणि त्यावरची ठिकाणे शेवटच्या दिवसांसाठी ठेवावीत.

पेरूमार्गे येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कुस्को आणि तितिकाका सरोवराच्या काठी चार-पाच दिवस काढून रस्त्याने येणाऱ्याचे शरीर आधीच तयार झालेले असते. तितिकाकाच तर ३,८०० मीटरवर आहे. त्याला ला पाझ ही थोडी उतरणच.

कोकाचा चहा प्यावा का? आणि आणावा का?

हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. अँडीज पर्वतरांगेत ही पाने हजारो वर्षे चघळली जातात. बोलिव्हियात ती कायदेशीर आहेत आणि बाजारात मोठ्या गोण्यांमधून विकली जातात. पानातल्या अल्कलॉइडवर रासायनिक प्रक्रिया करून कोकेन बनते. पान म्हणजे कोकेन नव्हे, ही बोलिव्हियाची जुनी बाजू. त्यासाठी हा देश संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या अमली पदार्थविषयक करारातून बाहेर पडला आणि पाने चघळण्याच्या परंपरेपुरती हरकत नोंदवून २०१३ मध्ये परत आत आला.

चहाने तरतरी येते आणि पोटात गरम पेय जाते, हे खरे. उंचीचा त्रास त्याने टळतो याचा भक्कम पुरावा नाही. नोकरीत अमली पदार्थांची तपासणी होत असलेल्यांनी तो टाळावा, कारण एका कपानेही चाचणीचा निकाल बिघडू शकतो. आठवण म्हणून चहाच्या पिशव्या बॅगेत टाकण्याचा मोह तर कुणीच करू नये. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कोकाच्या पानांचा नावानिशी उल्लेख आहे. मुंबईच्या कस्टम्ससमोर ‘तिथे हा हॉटेलात फुकट मिळतो’ हे उत्तर चालणार नाही.

श्रीमंत खाली, गरीब वर?

जगातल्या बऱ्याच शहरांत टेकडीवरची जागा महाग असते. ला पाझमध्ये उलट आहे. शहर एका प्रचंड वाडग्यासारख्या दरीत वसले आहे. तळाशी हवा उबदार आणि थोडी दाट, म्हणून बंगले, मॉल आणि दूतावासी वस्त्या तिथे. वर कडेला वारा, थंडी आणि विटांची उघडी घरे. कडेच्याही वर, पठारावर पसरलेले एल आल्टो. खाणी बंद पडल्यावर आणि दुष्काळात शेती गेल्यावर इथे येऊन स्थिरावलेल्या आयमारा कुटुंबांचे हे शहर. १९८० च्या दशकात ते ला पाझपासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळे झाले आणि पुढे लोकसंख्येत त्याने ला पाझला मागे टाकले.

या दोन शहरांमध्ये पूर्वी वळणावळणाचा, मिनीबसनी तुंबलेला रस्ता होता. ३० मे २०१४ रोजी ‘मी तेलेफेरिको’ची पहिली मार्गिका सुरू झाली आणि लोक डोक्यावरून जाऊ लागले. ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीने उभारलेल्या या जाळ्याच्या आज दहा मार्गिका आहेत आणि एकूण लांबी सुमारे ३० किलोमीटर. मराठी वाचकाला रोपवे म्हटले की रायगड आठवतो. पण इथला रोपवे सहलीसाठी नाही, तो त्यांची लोकल आहे. सकाळी डबा घेतलेले कामगार, शाळेची मुले आणि भाजीच्या गाठोड्यासह बसलेल्या बायका एकाच दहा आसनी डब्यात असतात. पहिल्या तीन मार्गिका लाल, पिवळी आणि हिरवी : राष्ट्रध्वजाचे रंग.

पर्यटकाने यातल्या दोन सफरी तरी कराव्यात. लाल मार्गिका जुन्या रेल्वे स्थानकापासून वर चढताना शहराच्या दफनभूमीवरून जाते. तिथे मृतांसाठीही मजल्यांच्या इमारती आहेत, प्रत्येक कप्प्याला काचेचे दार आणि आत फुले. वरचे स्थानक ‘१६ दे हुलिओ’. दर गुरुवारी आणि रविवारी इथे भरणाऱ्या बाजारात जुन्या मोटारीच्या आरशापासून लग्नाच्या पोशाखापर्यंत काहीही मिळते. पाकीट मात्र पुढच्या खिशात ठेवावे. दुसरी सफर पिवळ्या आणि हिरव्या मार्गिकेची, एल आल्टोच्या कडेपासून थेट दक्षिण भागातल्या इरपावीपर्यंत. सात-आठशे मीटरची ही उतरण खिडकीतून बघताना छपरे पत्र्याची कौलारू होतात, मग गच्च्या दिसतात, मग पोहण्याचे तलाव. शहराची वर्गरचना समजायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

एल आल्टोत ‘चोलेत’ही बघावेत. वास्तुरचनाकार फ्रेडी मामानी यांनी रूढ केलेल्या या भडक रंगांच्या इमारतींत तळाला दुकाने, मध्ये समारंभाचे झगमगते सभागृह आणि छपरावर मालकाचा बंगला असतो. चोलो आणि शॅले या दोन शब्दांची ही जोड. ‘चोला’ हा एकेकाळी आयमारा स्त्रियांना हिणवण्याचा शब्द होता. आता घेरदार पोयेरा आणि गोल टोपी घातलेल्या वकील, निवेदिका आणि मंत्रीही दिसतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. अनेकजणी सरळ नकार देतात, तो त्यांचा हक्क आहे.

मुरिल्यो चौकात काय घडले?

हा चौक कबुतरांना दाणे घालण्यासाठी प्रसिद्ध असला तरी त्याचा इतिहास रक्ताळलेला आहे. स्पेनच्या सत्तेविरुद्ध १६ जुलै १८०९ चा उठाव करणाऱ्या पेद्रो दोमिंगो मुरिल्यो यांना १८१० मध्ये इथे फाशी दिली गेली. १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्वाल्बेर्तो विय्यारोएल यांना संतप्त जमावाने ठार करून इथल्याच दिव्याच्या खांबाला लटकावले. बाजूच्या राष्ट्राध्यक्षीय वाड्याला ‘जळका वाडा’ म्हणतात, कारण १८७५ मध्ये तो जाळला गेला होता. २६ जून २०२४ रोजी बंडाच्या प्रयत्नात याच वाड्याच्या दारावर लष्करी चिलखती वाहन धडकले आणि काही तासांत प्रकरण संपले. संसदेच्या इमारतीवरचे घड्याळ २०१४ मध्ये उलटे फिरणारे केले गेले. दक्षिण गोलार्धाने उत्तरेची दिशा का पाळावी, हा त्यामागचा तत्कालीन सरकारचा सवाल.

चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर ‘चेटकिणींचा बाजार’ आहे. सुकवलेली लामाची अर्भके टांगलेली बघून अनेकांना धक्का बसतो. नवे घर बांधताना ती पायात पुरून पाचामामा म्हणजे भूमातेची परवानगी मागितली जाते. आपल्याकडे पायाभरणीला नारळ फुटतो, त्यामागची भावना फार वेगळी नाही. जानेवारीत जाणार असाल तर २४ तारीख साधावी. त्या दिवशी अलासितास सुरू होते. भर दुपारी बारा वाजता लोक हवे ते सारे बोटाएवढ्या आकारात विकत घेतात : घर, मोटार, पदवीचे प्रमाणपत्र, नोटांची थप्पी, अगदी पासपोर्टसुद्धा. ते वर्षभरात खरे व्हावे, ही एकेको या देवाकडे मागणी. युनेस्कोने २०१७ मध्ये या प्रथेची वारसा म्हणून नोंद केली.

जेवणात आणि मैदानातही उंची?

ला पाझमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. पठारावरच्या लोकांनी थंडीचाच उपयोग करून घेतला. रात्री बटाटे गोठवायचे, पायाने तुडवून पाणी काढायचे, उन्हात वाळवायचे. असा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. चव पहिल्या घासाला आवडेलच असे नाही. सकाळचा खरा मानकरी सालतेन्या : आत रस्सा भरलेली भाजलेली करंजी, उभ्याने खायची आणि थेंब सांडू द्यायचा नाही. दुपारनंतर ती बहुतेक ठिकाणी संपते. शाकाहारींनी ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही. चिकन आणि मांसाचे पाणी यांची नावे घेऊन नाही म्हणावे लागते. पहिल्या दोन रात्री जेवण हलके आणि मद्य वर्ज्य.

फुटबॉलमध्ये ही उंची बोलिव्हियाची बारावी खेळाडू आहे. फिफाने २००७ मध्ये उंचावरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली, पण विरोधामुळे पुढच्या वर्षी ती मागे घेतली. १ एप्रिल २००९ रोजी मॅराडोना प्रशिक्षक आणि मेसी मैदानात असलेल्या अर्जेंटिनाचा ला पाझमध्ये ६-१ असा फडशा पडला. एवढ्यावर समाधान न मानता बोलिव्हियाने आपले सामने आणखी वर, एल आल्टोला नेले. तिथे सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझील ०-१ ने हरले.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट पिवळ्या तापाची लस. ला पाझच्या थंडीत हा आजार पसरत नाही, पण भारताचा नियम शहराचा नव्हे, देशाचा विचार करतो आणि बोलिव्हिया जोखमीच्या देशांच्या यादीत आहे. लसीचे प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, त्यामुळे ऐनवेळी धावपळ करून उपयोग नाही. व्हिसाचा सध्याचा नियम दिल्लीतल्या बोलिव्हियाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्यावा.

दुसरी गोष्ट पैसा. २०११ पासून डॉलरचा अधिकृत दर सात बोलिव्हियानोच्या जरा खाली बांधलेला होता. २०२३ पासून डॉलरची टंचाई झाली आणि बाजारातला दर त्याच्यापासून फटकून वागू लागला. जाण्याच्या आठवड्यात दोन्ही दर बघावेत आणि कोऱ्या डॉलर नोटा सोबत ठेवाव्यात.

तिसरी आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट ‘ब्लोकेओ’, म्हणजे रस्ता अडवणे. ला पाझ दरीत आहे आणि बाहेर जाणारे बहुतेक मोठे रस्ते एल आल्टोवरून जातात. वरचे रस्ते बंद झाले की खालचे शहर कोंडले जाते. १७८१ मध्ये तुपाक कातारी आणि बार्तोलिना सिसा यांनी याच जोरावर स्पॅनिश ला पाझला कित्येक महिने वेढा घातला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये नैसर्गिक वायूच्या निर्यातीवरून एल आल्टोने रस्ते रोखले, सैन्याच्या गोळीबारात अनेक जण मेले आणि राष्ट्राध्यक्षांना पायउतार होऊन देश सोडावा लागला. विमानतळही वरच असल्याने परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानापूर्वी एक मोकळा दिवस ठेवणे शहाणपणाचे. आंदोलन चालू असेल तर दगड रचलेल्या रस्त्यातून टॅक्सी काढायचा हट्ट धरू नये.

मे ते ऑगस्ट हा कोरडा, निरभ्र आणि रात्री गोठवणारा हंगाम. पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च. ऊन कोणत्याही महिन्यात भाजून काढते.

उतरताना कुठे जावे?

शहरापासून जवळच्या चाकाल्ताया शिखरावर एकेकाळी जगातले सर्वात उंच स्की केंद्र होते. तिथली हिमनदी २००९ पर्यंत पूर्ण वितळली. ओसाड उतार आणि रिकामी इमारत बघायला आजही लोक जातात. ५,४०० मीटरची ही जागा सवय झाल्याशिवाय अजिबात नाही. ला पाझच्या पाण्याचा काही भाग अशाच बर्फावर अवलंबून आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये धरणे आटली, सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि अनेक वस्त्यांत पाणी टँकरने पोहोचवावे लागले. उंच हॉटेलच्या खिडकीतून दिसणारे ६,४३८ मीटरचे इयिमानी शिखर म्हणूनच इथल्या लोकांसाठी फक्त देखावा नाही.

दुसरी वाट खाली जाते. साडेचार हजार मीटरहून उंच असलेल्या ला कुंब्रे खिंडीपासून युंगासच्या दमट जंगलात उतरणारा जुना रस्ता ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणून ओळखला जातो. १९३० च्या दशकात चाको युद्धातील पराग्वेच्या कैद्यांनी त्याचा काही भाग बांधला. २००६ मध्ये नवा रस्ता झाल्यापासून जुन्यावर मुख्यतः सायकलस्वार पर्यटक दिसतात. बोलिव्हियात वाहने उजव्या बाजूने चालतात, पण या रस्त्यावर डावीकडून, चालकाला आपल्या चाकाखालची कड दिसावी म्हणून. भारतीयांना नियम घरचा वाटला तरी कठडा नसलेली दरी घरची नाही, आणि सायकलस्वारांचे मृत्यू इथे झालेले आहेत. ब्रेक स्वतः तपासल्याशिवाय सायकलवर बसू नये आणि पावसाळ्यात हा बेत सोडून द्यावा. बहुतेक सहली त्याच संध्याकाळी परत ला पाझला चढतात. उंचीचा त्रास अजून पुरता गेलेला नसेल तर परतीची गाडी सोडून त्या रात्री १,७०० मीटरवरच्या कोरोइको गावातच झोपावे.